ऑर्गनच्या कोऱ्या जागा: हँडल शिकायला घेताना

ऑर्गन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा. मीही त्यावरूनच चर्चमधल्या पाइप ऑर्गनकडे वळले. नव्याने येणाऱ्यांनी हँडल या अठराव्या शतकातल्या संगीतकाराच्या चौथ्या ओपसमधल्या (छापील संचातल्या) सहा कन्चेर्टोंपासून, म्हणजे एक मुख्य वाद्य आणि साथीचा वाद्यवृंद अशा रचनांपासून, सुरुवात करावी, असं मी आग्रहाने सांगते. त्या काळी इंग्लंडमधल्या बहुतेक ऑर्गनना पेडल, म्हणजे पायांनी सूर वाजवायच्या पट्ट्या, नसायचे, म्हणून इथे पायांसाठी वेगळी ओळ नाही. १७३८ साली लंडनला वॉल्श या प्रकाशकाने ते छापले तेच हार्पसिकॉर्ड (पियानोआधीचं पट्ट्यांचं तंतुवाद्य) किंवा ऑर्गनसाठी म्हणून. त्यामुळे घरी पियानोवरही रियाज होतो.

फक्त पियानोची एक सवय सोडावी लागते. कितीही जोर लावा, ऑर्गनचा सूर मोठा होत नाही. सगळं काम बोट उचलण्यात आहे. दोन सुरांमध्ये कागदाच्या जाडीएवढी फट ठेवली, तरच चर्चच्या घुमाऱ्यात ते सुटे ऐकू येतात. पहिला महिना मी एवढंच केलं.

खरी परीक्षा सातव्या ओपसमध्ये आहे. हँडल १७५९ साली गेले, हा संच १७६१ साली छापला गेला. त्यातल्या डी मायनर कन्चेर्टोत शेवटच्या अलेग्रोआधी, म्हणजे जलद भागाआधी, एक अख्खा भाग कोरा आहे: 'अ‍ॅड लिबिटम', म्हणजे वादकाच्या मनाने. ऑरॅटोरिओच्या, म्हणजे अभिनयाविना गाऊन सांगितलेल्या कथेच्या, दोन अंकांच्या मधल्या वेळात हँडल हे कन्चेर्टो स्वतःच वाजवत, मग स्वतःसाठी लिहून कशाला ठेवायचं? दृष्टी गेल्यावर तर ते एकल जागा बहुतेक उत्स्फूर्तच वाजवत. साथीचे वादक थांबून राहत आणि ट्रिल, म्हणजे लगतच्या दोन सुरांची झरझर अदलाबदल, ऐकू आली की उचलत.

हे मला ठाऊक होतं, तरी पहिल्या कार्यक्रमात मी सुचेल तसं वाजवत गेले आणि ट्रिल न घेताच डी मायनरवर येऊन थांबले. व्हायोलिनवाल्यांचे गज मांडीवरच राहिले. तबलजीला तिहाईवरून सम कळते, तशी खूण मी दिलीच नव्हती.

तेव्हापासून मी शेवट आधी बसवते. डावा हात ए मेजर कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांवर) धरायचा, उजव्याने ई वर ट्रिल, सुरुवात वरच्या एफपासून, आधी संथ, मग जलद. हा शेवट डोळे मिटून येईपर्यंत आधीचं काही सुचवायलाच बसू नका. आणि तालमीला पहिल्या व्हायोलिनवाल्याला तेवढाच तुकडा चार वेळा ऐकवा. चौथ्यांदा त्याचा गज आपोआप वर येतो.