रक्ताचा पीएच आणि बफर: या चुका टाळा

छातीत जळजळ झाली की आपण ‘ॲसिडिटी वाढली’ म्हणतो आणि मग रक्तही आम्ल झाले असावे असे गृहीत धरतो. वस्तुतः जठररसाचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) साधारण 1.5 ते 3.5 असतो, तर धमनीतील रक्ताचा 7.35 ते 7.45 या अरुंद मर्यादेत राहतो. उलट्या वारंवार झाल्या तर जठरातील आम्ल बाहेर पडून रक्त उलट अधिक अल्कधर्मी होते. ‘अल्कलाइन’ पाण्याने निरोगी माणसाच्या रक्ताचा पीएच वाढत नाही. जास्तीचा अल्क मूत्रपिंडे बाहेर टाकतात, त्यामुळे लघवीत बुडवलेल्या पट्टीचा रंग पाहून रक्ताविषयी निष्कर्ष काढू नये.

पीएचचे आकडे साध्या मोजपट्टीसारखे वाचणे हीदेखील नेहमीची चूक आहे. पीएच 7.4 वरून 7.1 वर आला, तर हायड्रोजन आयनांचे प्रमाण लिटरमागे 40 नॅनोमोलवरून 80 वर, म्हणजे दुप्पट होते.

बफर, म्हणजे पीएचमधील बदल रोखून धरणारी रसायनांची जोडी, आम्ल नाहीसे करतो, असे विद्यार्थी सर्रास लिहितात. रक्तातील बफरचा घटक असलेले बायकार्बोनेट हायड्रोजन आयनाला धरून ठेवते, त्यातून कार्बोनिक आम्ल आणि पुढे पाणी व कार्बन डायऑक्साइड तयार होतो, परंतु या व्यवहारात बायकार्बोनेट खर्ची पडते. कार्बन डायऑक्साइड फुफ्फुसे काही मिनिटांत बाहेर टाकतात. खर्ची पडलेले बायकार्बोनेट मूत्रपिंडे भरून काढतात आणि त्याला दिवस लागतात. बंद चंचुपात्रात बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइडची ही जोडी 7.4 पीएचला फारशी प्रभावी ठरत नाही, कारण तिचा पीके, म्हणजे ज्या पीएचला बफर सर्वाधिक प्रभावी असतो तो आकडा, 6.1 आहे. तिचे खरे बळ या दोन अवयवांत आहे, आणि पाठ्यपुस्तकांनी यावर अधिक भर द्यायला हवा असे मला मनापासून वाटते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे एकट्या बायकार्बोनेटच्या आकड्यावर विसंबणे. पीएच ठरतो तो गुणोत्तराने: लिटरमागे 24 मिलिमोल बायकार्बोनेट आणि 1.2 मिलिमोल विरघळलेला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे 20 : 1. कोपनहेगनमध्ये 1952 साली पोलिओची साथ आली, तेव्हा श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या रक्तात एकूण कार्बन डायऑक्साइडचे, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेटचे, प्रमाण वाढलेले दिसले आणि डॉक्टरांनी त्याचा अर्थ रक्त अल्कधर्मी झाले असा लावला. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी ओळखले की अपुऱ्या श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड साचतो आहे, आणि प्रत्यक्ष पीएच मोजल्यावर रक्त आम्लधर्मी निघाले. मग श्वासनलिकेला छेद देऊन वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबत रुग्णांना श्वास देत राहिले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले.

याच कारणाने, मधुमेही व्यक्ती खोल आणि जलद श्वास घेऊ लागली, तर ती घाबरली असे समजून तिच्या तोंडाशी कागदी पिशवी धरू नये. कीटोआम्ले (चरबीच्या विघटनातून तयार होणारी आम्ले) साचलेली असतील तर शरीर त्याच श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड घटवून गुणोत्तर सावरत असते. ती वाट न अडवता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.