झाडांच्या छाटणीचा छोटा व्यवसाय कसा चालवावा

झाडांची शास्त्रशुद्ध छाटणी करणे, धोकादायक फांद्या उतरवणे आणि दुसरा मार्ग उरला नसेल तेव्हाच झाड पाडणे, एवढ्या कामांवर दोन-तीन माणसांचा व्यवसाय उभा राहू शकतो. करवत सफाईने चालवता येणे हे त्यासाठी आवश्यकच आहे. परंतु झाड पाहताना, ग्राहकाशी बोलताना किंवा दर काढताना चूक झाली, तर पुढे कितीही कौशल्याने काम केले तरी ती भरून निघत नाही. म्हणून सुरुवात त्या टप्प्यांपासून करू.

पहिल्या भेटीला जाताना वही, मोजपट्टी, दुर्बीण आणि एक लाकडी हातोडा बरोबर असावा. निरीक्षण बुंध्यापासून सुरू करावे, कारण नजर आपोआप वर जाते आणि खरा धोका अनेकदा जमिनीलगत असतो. बुंध्याजवळची माती एका बाजूने उचलली गेली आहे का, तिला भेगा पडल्या आहेत का, आसपास अलीकडे चर खणला गेला आहे का, हे पाहावे. झाडाची बहुतांश मुळे जमिनीच्या वरच्या सुमारे ६० सेंटीमीटरच्या थरात असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही दूरवर पसरलेली असतात; त्यामुळे मालकाला निरुपद्रवी वाटणाऱ्या चरानेही झाडाचा आधार गेलेला असू शकतो. बुंध्यावर किंवा मुळांच्या तोंडाशी फळीसारखी कठीण अळंबी दिसली, तर आतले लाकूड कुजत असल्याची ती खूण समजावी. हातोड्याने ठोकून आवाज ऐकावा. मात्र पोकळ आवाज आला म्हणून झाड लगेच पाडण्याजोगे ठरत नाही. सभोवतीचे निरोगी लाकूड पुरेसे जाड असेल, तर ढोली असलेली झाडेही दीर्घकाळ उभी राहतात. नंतर बेचकी पाहावीत. दोन जाड फांद्या अरुंद कोनात वाढून त्यांच्यामध्ये साल दाबली गेली असेल, तर तो सांधा वरून भक्कम दिसला तरी आतून कच्चा असतो. शेवटी वाळलेल्या फांद्या, विजेच्या तारा, मधमाश्यांची पोळी आणि पक्ष्यांची घरटी यांची नोंद करावी. घरट्यात अंडी किंवा पिल्ले असतील आणि तातडीचा धोका नसेल, तर काम पुढे ढकलावे.

यानंतरची सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे ग्राहकाला नकार देणे. ‘झाड फार उंच झाले आहे, शेंडा उडवून टाका’ ही मागणी वारंवार येते आणि काम सोपे असल्यामुळे मोहही होतो. पण शेंडा सरसकट कापल्यास मोठ्या जखमा उघड्या पडतात, पानांबरोबर झाडाची अन्न तयार करण्याची क्षमता जाते आणि कापांखालून असंख्य धुमारे फुटतात. हे धुमारे लाकडाच्या केवळ बाहेरच्या थरांना धरून असल्यामुळे सुटे होण्याची शक्यता अधिक असते. काही वर्षांत झाड पुन्हा पूर्वीच्या उंचीला पोहोचते, पण पूर्वीपेक्षा धोकादायक होऊन. हे समजावून सांगून पर्याय द्यावा: लांब फांदी तिच्याच एखाद्या बाजूच्या फांदीपर्यंत मागे घ्यावी आणि ती बाजूची फांदी कापल्या जाणाऱ्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची असावी. एका हंगामात जिवंत पर्णसंभाराच्या २५ टक्क्यांहून अधिक भाग काढू नये, आणि जुन्या झाडाच्या बाबतीत याहूनही कमी काढावा. ग्राहक तरीही ऐकत नसेल, तर ते काम सोडावे असे माझे स्पष्ट मत आहे. विद्रूप झालेले झाड पुढची अनेक वर्षे तुमच्या कामाचा नमुना म्हणून रस्त्यावरून दिसत राहते.

कुठे कापावे, हे अमेरिकी वनसेवेतील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून दाखवून दिले. प्राण्यांची जखम भरून येते तशी झाडाची येत नाही. झाड जखमेभोवती भिंती उभारून कुज आतच कोंडून ठेवते, हे प्रारूप त्यांनी १९७७ साली मांडले. फांदी जिथे खोडाला मिळते तिथल्या फुगीर कड्यात या संरक्षणाची मोठी सोय असते. म्हणून काप त्या कड्याच्या लगेच बाहेर घ्यावा. खोडाशी सपाट घेऊ नये आणि खुंटही ठेवू नये. जड फांदी तीन कापांत उतरवावी. पहिला काप खोडापासून साधारण ३० ते ४५ सेंटीमीटरवर खालून, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोलीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे वरून. आणि वजन उतरल्यावर तिसरा कड्याच्या बाहेर. हा क्रम चुकला तर फांदी तुटताना खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. कापावर रंग किंवा डांबर लावण्याची सवय सोडून द्यावी. त्याने कुज थांबत नाही.

कोटेशन नेहमी लेखी द्यावे आणि त्यात ‘झाड छाटणे’ असे दोन शब्द लिहून थांबू नये. कोणत्या फांद्या कुठपर्यंत घेणार, किती जाडीपर्यंतच्या वाळलेल्या फांद्या काढणार, ओंडके कोण नेणार, बुडखा काढायचा आहे का, सफाई कुठवर करायची, हवामान बिघडल्यास काय, हे सर्व लिहावे. झाड कोणाच्या मालकीचे आहे आणि परवानगी कोण आणणार, हेही त्यात यावे, कारण परवानगीचे नियम ठिकाणागणिक बदलतात. सुरुवातीच्या काळात मी एकदा केवळ तोंडी होकारावर कुंपणालगतचे झाड छाटले. होकार देणारा त्या फांद्यांच्या सावलीचा धनी होता, झाडाचा नव्हे. त्यानंतर मालकीची खात्री केल्याशिवाय मी गाडीतून शिडी उतरवलेली नाही.

दर ठरवताना शेजारच्या व्यावसायिकापेक्षा थोडे कमी घ्यायचे, असा विचार बहुतेक जण करतात आणि तिथेच फसतात. आठवड्याला पाच दिवस धरले तर वर्षाचे २६० दिवस होतात. परंतु पाऊस-वारा, सुट्ट्या, आजारपण, पाहणीच्या भेटी आणि यंत्रांची दुरुस्ती यांत, समजा, १०० दिवस गेले, तर प्रत्यक्ष कमाईचे १६० दिवस उरतात. स्वतःच्या पगारासह वर्षाचा सगळा खर्च २६० ऐवजी या १६० ने भागावा. २६० ने भागल्यास प्रत्येक दिवसाचा दर एक तृतीयांशाहून अधिक कमी पडतो आणि ही तूट वर्षअखेरीपर्यंत लक्षातही येत नाही. खर्चात करवतीच्या साखळ्या, इंधन, विमा यांच्याबरोबर दोर आणि हार्नेस (चढताना अंगाला बांधायचे पट्टे) ठराविक काळाने बाद करून नवे घेण्याची रक्कमही धरावी, नाहीतर पैशांच्या ओढीमुळे झिजलेला दोर आणखी एक हंगाम वापरला जातो.

सुरक्षिततेविषयी लिहिताना मला संक्षेप करवत नाही. ओल्या लाकडाचे वजन साधारण घनमीटरला एक टन धरावे. म्हणजे ४० सेंटीमीटर व्यासाचा, एक मीटर लांबीचा लहानसा दिसणारा ओंडका सुमारे १२५ किलोचा असतो आणि दोरावर तो अचानक अडला की दोरावरचा ताण वजनाच्या कितीतरी पट होतो. म्हणून तुकडे लहान करावेत आणि खालच्या माणसाने फांदीखाली कधीही उभे राहू नये. चेनसॉच्या, म्हणजे यंत्रावर चालणाऱ्या साखळीच्या करवतीच्या, पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की करवत क्षणार्धात चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. ही उसळी हाताच्या ताकदीने रोखता येत नाही, त्यामुळे साखळीचा ब्रेक रोज तपासावा आणि करवत नेहमी दोन्ही हातांनी धरावी. हेल्मेट, डोळ्यांवर जाळी, कानांवर संरक्षक आणि साखळी अडवणारी खास विजार यांशिवाय कोणीही करवत सुरू करू नये. तिचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो आणि ८५ डेसिबलपासूनच दीर्घकाळात श्रवणशक्तीला धोका असतो. झाडावर करवत चालवताना माणूस दोन स्वतंत्र ठिकाणी बांधलेला असावा, म्हणजे एक दोर चुकून कापला गेला तरी दुसरा धरून ठेवतो. वर चढलेल्याला खाली आणता येईल असा दुसरा प्रशिक्षित माणूस आणि दोरांचा दुसरा संच जागेवर असलाच पाहिजे. एकट्याने चढणे पूर्णपणे वर्ज्य समजावे. विजेच्या तारेजवळचे काम पुरवठा बंद झाल्याची खात्री वीज कंपनीकडून मिळेपर्यंत हाती घेऊ नये.

झाड पाडायचे झाल्यास त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत माणसे हटवावीत आणि पडण्याच्या दिशेच्या उलट, मागे तिरकी ४५ अंशांत जाणारी वाट आधीच मोकळी करावी. पडण्याच्या बाजूला घेतलेली खाच आणि मागचा काप यांमध्ये बुंध्याच्या व्यासाच्या सुमारे १० टक्के जाडीची लाकडाची बिजागरी शिल्लक ठेवावी, कारण झाडाला दिशा देणारी गोष्ट तीच असते.

निघणारा पाला आणि लाकूड यांची विल्हेवाट ठरवल्याशिवाय तारीख देऊ नये. फांद्यांचे तुकडे झाडाखाली ५ ते १० सेंटीमीटर जाडीने पसरता येतात, फक्त ते खोडाला टेकता कामा नयेत. त्रयस्थाच्या नुकसानीचा आणि कामगारांच्या अपघाताचा विमा पहिल्या कामाआधीच उतरवावा. रोगट झाडावरून दुसऱ्यावर जाताना हत्यारे ७० टक्के अल्कोहोलने पुसावीत.

प्रत्येक कामाची आधीची आणि नंतरची छायाचित्रे तारखेसह जपून ठेवावीत आणि साधारण वर्षभराने त्याच झाडाकडे पुन्हा जावे. कापांभोवती नव्या सालीचे कडे सगळ्या बाजूंनी सारखे वळले आहे का, की एखाद्या बाजूला ते तुटलेले आहे, हे पाहून आपला काप किती अचूक होता ते कळते, आणि जे दिसेल ते चांगले असो वा वाईट, मालकाला तिथेच दाखवावे.