गुलाबावरची मुकुटगाठ: डिसेंबरच्या छाटणीआधी बुंधे तपासा

मावळात व्हॅलेंटाइनच्या मालासाठी डिसेंबरात कात्री लागेल. त्याआधी पॉलिहाऊसमध्ये खाली बसून प्रत्येक बेडचे बुंधे बघून घ्या. डोळा भरलेल्या (कलमाच्या जोडाच्या) जागी किंवा मातीलगत खरबरीत, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ दिसली तर ती मुकुटगाठ, म्हणजे क्राउन गॉल. कोवळी असताना पांढरट आणि मऊ, जुनी झाली की तपकिरी आणि टणक. नुसत्या बारीक मुळांवर बारक्या गाठी असतील तर बहुधा सूत्रकृमी. त्याचा इलाज वेगळा.

ही गाठ करतो अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू. त्याचे निरुपद्रवी भाऊबंद मातीत भरपूर असतात. रोग करायची ताकद येते ती टीआय प्लास्मिडमुळे. मुख्य गुणसूत्राबाहेरचं हे डीएनएचं कडं १९७४ मध्ये बेल्जियममधल्या गेंट इथल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. ते गेलं की जिवाणू जगतो, पण गाठ करत नाही. प्रयोगशाळेत सी५८ हा प्रकार ३७ अंशांना वाढवला की असंच घडतं. (म्हणून कुणी पडदे लावून पॉलिहाऊस तापवायला जाऊ नये, आधी गुलाबच जाईल.)

जखमेतून शिरलेला जिवाणू प्लास्मिडचा एक तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो. तो झाडाच्याच डीएनएत जाऊन बसतो आणि ऑक्झिन, सायटोकायनिन ही वाढीची संप्रेरकं बेसुमार बनायला लागतात. मग जिवाणू मेला तरी गाठ वाढतच राहते. त्यामुळे ताम्रयुक्त औषधं किंवा अँटिबायोटिक मारून गाठ जिरत नाही, पैसे मात्र जिरतात. शिवाय अँटिबायोटिकला दाद न देण्याची जनुकंही बऱ्याचदा प्लास्मिडवरूनच पसरतात.

गाठीत ओपाइन नावाची द्रव्यं तयार होतात. ती या जिवाणूचं खाद्य. आणि त्यांच्याच इशाऱ्यावर तो आपलं प्लास्मिड शेजारच्या साध्या जिवाणूंना देतो. गाठ बेडमध्ये राहील तितके रोगकारी जिवाणू वाढणार. नुसती गाठ खरवडू नका; झाड मुळांसकट उपटा, तिथेच पिशवीत भरा, बाहेर नेऊन जाळा. कंपोस्टच्या खड्ड्यात अजिबात नको.

छाटणी निरोगी बेडपासून सुरू करा, संशयित बेड शेवटी. कात्री दर झाडानंतर ७० टक्के स्पिरिटमध्ये बुडवा. मजूर कंटाळतात, म्हणून प्रत्येकाला दोन कात्र्या द्या, एक हातात, एक डब्यात. नवी कलमं घेताना खोक्यातल्या एका रोपाला जरी गाठ दिसली तरी अख्खा लॉट परत करा.