ओला गी आणि चारशे ग्रॅम

ब्राझिलियन ज्युजित्सू (जमिनीवर झुंजायची, कुस्तीच्या नात्यातली कला) नव्यानं सुरू केलेली पोरं मला हटकून एकच विचारतात: दादा, पहिल्या स्पर्धेसाठी वजन किती उतरवू? उत्तर शून्य. का, ते जरा पाल्हाळ लावूनच सांगतो, कारण यात माझे सहा दिवस, प्रवेश फी आणि क्लबातली अब्रू गेलीय.

मी पुण्यातल्या तालमीतला. माझ्या वेळी मॅटवरच्या कुस्तीचं वजन आदल्या संध्याकाळी व्हायचं. काट्यावरून उतरलं की दूध, केळी, रात्री भाताचा डोंगर, आणि सकाळी गडी पुन्हा दोन किलो जड. लंडनला आल्यावर इथंही तसंच असणार, असं मी धरून चाललो. आयबीजेजेएफ या ज्युजित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत मात्र वजन पहिल्या लढतीच्या अगदी तोंडावर होतं, तेही गी म्हणजे जाड सुती डगला-पायजमा घालून, पट्टा बांधून. संधी एकच. जास्त भरलं की बाद. आयत्या वेळी गट बदलून मिळत नाही.

माझा गट ७६ किलोचा. गी पावणेदोन किलो, म्हणजे अंगाचं वजन ७४ हवं, एवढं गणित मी केलं होतं. सहा दिवस भात-पोळी बंद, शेवटच्या दिवशी पाणीसुद्धा घोटाघोटानं. चुकलं ते वेगळंच. आदल्या रात्री गी धुतला आणि हीटरवर टाकला. बाह्या कोरड्या लागल्या, पण जाड कॉलर आतून ओलीच होती. काटा म्हणाला ७६.४. टेबलामागच्या बाईंनी माझ्याकडे न बघता नावावर रेघ मारली. मागं कोपऱ्यात वजन आधी बघून घ्यायला दुसरा काटा ठेवलेला होता. त्यावर मी चढलोच नव्हतो.

आणि समजा, बसलो असतो ७६ मध्ये. लगेच लढत. केळं घशाखाली उतरायच्या आत समोरचा कॉलरला हात घालणार. ब्लू बेल्टची (पांढऱ्यानंतरच्या पट्ट्याची) लढत सहा मिनिटांची. मनगटं तिसऱ्या मिनिटालाच सुटली असती. ‘सगळेच उतरवतात रे’ म्हणणारा क्लबातला सीनियर त्या दिवशी स्वतः खेळतही नव्हता. फुकटचे सल्ले असल्यांकडूनच येतात.

मार्सेलो गार्सियाकडे बघा. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातल्या फोर्मिगाचा हा माणूस २००३ ला साओ पावलोच्या एडीसीसीत, म्हणजे गीशिवाय खेळायच्या मोठ्या जागतिक स्पर्धेत, बदली खेळाडू म्हणून उतरला, तेव्हा बाहेर त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. ७७ किलोखालचा गट त्यानं जिंकला, पुढं आणखी तीनदा. पण माझ्या डोक्यात राहिलं ते २००७. एवढ्याशा वजनाचा हा गडी खुल्या गटात धिप्पाड लोकांना लोळवत थेट अंतिम फेरीत गेला. तिथं रॉबर्ट ड्रायस्डेलनं त्याचा गळा आवळला, ती गोष्ट वेगळी. चार किलोंसाठी उपाशी राहणाऱ्या मला ती लढत बघून स्वतःचीच लाज वाटली. त्यात यानं आपला रोजचा सराव कॅमेऱ्यात धरून इंटरनेटवर टाकला, प्रतिस्पर्ध्यांनाही दिसेल असा. डाव झाकून ठेवणारे वस्ताद मी दोन्हीकडे पाहिलेत. तसा झाकणारा भेटला तर सरळ क्लब बदला.

घाबरू नका मात्र. पहिल्या स्पर्धेत बहुतेक जण हरतात आणि सोमवारी पुन्हा मॅटवर दिसतात. गी दोन असू द्या, दुसरा कोरडा, पिशवीत.

पुढच्या वेळी मी ८२.३ च्या गटात नाव घातलं. सकाळी पोटभर पोहे खाल्ले, काट्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. पूर्ण सहा मिनिटं खेळलो आणि ४-२ नं हरलो. त्यानं मला खाली घेतलं. नंतर माझी पाठ टेकणार असं वाटलं आणि तालमीतलं अंग आपोआप पालथं वळलं. इथं पाठ टेकली तर काही बिघडत नाही, उलट तिथूनच गार्ड खेळतात, म्हणजे खालून पायांनी समोरच्याला अडवतात. पालथं पडणाऱ्याची मात्र पाठ समोरच्याच्या ताब्यात जाते आणि त्याला चार गुण मिळतात. गुणांचा हिशोब असा: टेकडाऊन (खाली पाडणं) कुणाचाच मोजला नाही, त्याचे चार पाठीचे, माझे दोन शेवटच्या मिनिटातल्या स्वीपचे, म्हणजे खालून त्याला उलटवून वर आल्याचे. ती पालथं वळायची खोड अजून गेलेली नाही.