राकू भाजणी : भट्टीतून भुशात जाईपर्यंतचे सेकंद

हौसेने कुंभाराच्या चाकावर बसणाऱ्याला राकूचं, म्हणजे भांडी भाजायच्या एका झटपट पद्धतीचं, वेड लागतं, त्याचं कारण साधं आहे. एरवी भट्टी लावली की ती निवेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. राकूत मात्र तासाभरात भांडं लालबुंद होतं, आपण ते स्वतः चिमट्याने बाहेर काढून भुशात ठेवतो आणि चहा होईपर्यंत ते घासूनपुसून हातात येतं. कधी तांब्याची झळाळी, कधी मोरपिशी, कधी नुसताच काळवंडलेला गोळा. "राकू म्हणजे नशीब" असं सगळेच म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. त्यातला बराचसा लहरीपणा सेकंदांचा असतो, आणि सेकंद मोजता येतात.

राकूचं मूळ जपानमधल्या क्योतोचं. सोळाव्या शतकात चहाविधीचे गुरू सेन नो रिक्यू यांच्यासाठी चोजिरो नावाच्या कारागिराने हाताने घडवलेले चहाचे वाडगे केले, तिथून ही परंपरा सुरू झाली. तिथे तापलेला वाडगा बाहेर काढून उघड्यावर निवू देतात. भुसा आणि धूर ही अमेरिकेची भर. १९६० साली कॅलिफोर्नियात पॉल सोल्डनर यांनी तापलेलं भांडं झाडाच्या पानांत लोळवून पाहिलं. आज हौशी मंडळी जे राकू म्हणून करतात, ते हे दुसरं.

माती आणि पहिली भाजणी

शाडू किंवा नुसती गाळीव माती इथे टिकत नाही. हजार अंशांवरून भांडं एकदम मोकळ्या हवेत येतं, तो धक्का सोसायला मातीत भरड हवी. स्टोनवेअरच्या, म्हणजे चढ्या आचेला टिकणाऱ्या, मातीत भाजलेल्या खापरीचा बारीक भरडा, म्हणजे ग्रॉग, वीस ते तीस टक्के मिसळा. भेग पुढे सरकायला लागली की या कणांशी अडते.

भिंत सगळीकडे सारख्या जाडीची ठेवा. सुरुवातीला वाट्या, लहान गडू असे गोलसर आकार करा. पसरट थाळ्या आणि चिकटवलेले कान हे पहिल्या वर्षाचं काम नव्हे. पहिली, म्हणजे राकूच्या आधीची, भाजणी ९०० ते १००० अंश सेल्सिअसला साधी, सावकाश होऊ द्या.

ग्लेझ

राकूचं ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, कमी तापमानाला वितळणारं असतं. सुरुवातीसाठी बोरॉनचं फ्रिट, म्हणजे आधी वितळवून दळलेली काचेची भुकटी, ८० भाग आणि चिनी माती २० भाग घ्या. फ्रिट बिनशिशाचं आहे ना, हे दुकानदाराला विचारूनच घ्या. यात पाच-सहा टक्के टिन ऑक्साइड घातलं की पांढरं, तडे जाणारं ग्लेझ होतं. दोन-तीन टक्के कॉपर कार्बोनेट घातलं की हिरव्यापासून तांबड्यापर्यंतचा सगळा खेळ सुरू होतो. भुकटी कालवताना मास्क लावाच. ग्लेझ लावलेलं भांडं पूर्ण वाळू द्या. एकदा पावसाळ्यात मी घाई केली. हाताला कोरडी लागणारी वाटी भट्टीत ठेवली आणि दहा मिनिटांत तिचा तळ उडाला. शेजारच्या दोन वाट्यांवर तिच्या कपच्या कायमच्या चिकटल्या. तेव्हापासून भांडी आधी तापत्या भट्टीच्या झाकणावर ठेवून शेकून घेतो.

भट्टी आणि जागा

पत्र्याच्या पिंपाला आतून सिरॅमिक फायबरचे, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या लोकरीसारख्या चादरीचे, दोन थर लावले, खाली बर्नरसाठी आणि वर धुरासाठी भोक ठेवलं की भट्टी झाली. फायबर कापताना चांगला मास्क हवा, त्याची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका. गॅस व्यावसायिक सिलिंडरचा घ्या, घरगुती नको. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर खोलगट जागी साचतो. म्हणून तळघर, खड्डा, बंद गॅरेज वर्ज्य. मोकळं अंगण हवं, शेजाऱ्यांना धुराची कल्पना दिलेली हवी आणि पाण्याचा पाइप हाताशी हवा.

अंगात जाड सुती कपडे, पायांत बंद बूट, हातांत कोपरापर्यंतचे चामडी मोजे आणि तोंडावर जाळीची किंवा काचेची ढाल. नायलॉन, ओढणी, सुटे केस चालणार नाहीत. भुशासाठी घट्ट झाकणाचा लोखंडी डबा घ्या. भुसा सुक्या, साध्या लाकडाचा. प्लायवूडचा नको, त्यातल्या डिंकाचा धूर विषारी असतो. कोकणात भाताचं तूस सहज मिळतं, तेही चालतं.

भाजणी

पहिला घाणा तासाभराचा धरा. ५७३ अंशांच्या आसपास मातीतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं, तिथपर्यंत आच बेताची ठेवा. पुढे वाढवली तरी चालते. तापमापक असला तरी शेवटी डोळ्यांवर विसंबावं लागतं. साधारण ९५० च्या पुढे भोकातून बघा. ग्लेझ आधी कोरडं, खरबरीत दिसतं. मग साखरेच्या पाकासारखे बुडबुडे येतात. इथे भांडं काढलंत तर बारीक छिद्रं राहतात. बुडबुडे बसले, पृष्ठभाग पाण्यासारखा चकचकीत झाला आणि त्यात समोरच्या भांड्याचं प्रतिबिंब हललं, की बर्नर बंद करा आणि चिमटा घ्या.

आता सेकंद. पांढरं ग्लेझ असेल तर भांडं हवेत पंधरा-वीस सेकंद धरा. कान देऊन ऐका, टिण टिण असा बारीक आवाज येऊ लागतो. ते तडे. मग भुशात ठेवा. धुरातला कार्बन त्या तड्यांत शिरतो आणि काळ्या रेषांचं जाळं उमटतं. तांब्याच्या ग्लेझला मात्र उसंत देऊ नका, चार-पाच सेकंदांत डब्यात. भुसा पेटतो, झाकण बसतं, आतला प्राणवायू संपतो आणि आग तो ग्लेझमधल्या कॉपर ऑक्साइडमधून ओढून घेते. मागे उरतं ते चमकणारं तांबं. झाकणाला फट राहिली की हवा शिरते आणि त्याच जागी हिरवा डाग पडतो. हिरवाच हवा असेल, तर ती फट मुद्दाम ठेवायची.

डबा वीस मिनिटं उघडू नका. उघडताना बाजूला उभे राहा, आत हवा गेली की ज्वाळा भसकन वर येते. भांडं निवल्यावर राखेने आणि काथ्याने घासा. ग्लेझ नसलेला भाग काळाभोर झालेला दिसेल.

वही

दर भाजणीला एकच गोष्ट बदला. माझ्या वहीतली एक नोंद अशी : "वाटी ४. बाहेर १२ सेकंद. तूस. झाकण लगेच. पोटाशी तांबूस, वाऱ्याकडच्या काठाला हिरवी." त्याच दिवशीची पाचवी वाटी सहा सेकंदांत डब्यात गेली आणि सगळीकडून तांब्याची निघाली. वाऱ्याची दिशा लिहायला मी फार उशिरा शिकलो, आणि अनेक न उलगडलेले डाग तिथेच उलगडले. तूस कुठे पेटलं, भांडं कोणत्या कुशीवर टेकलं हे आपल्या हातात नाही. त्यासाठीच तर पुन्हा भट्टी लावावीशी वाटते.

राकूचं भांडं जेवणासाठी वापरू नका. माती सच्छिद्र राहते, ग्लेझला तडे असतात, पाणी झिरपतं आणि तांबं अन्नात उतरू शकतं. सुकी फुलं, गवताचे तुरे त्यात छान दिसतात. तांब्याची झळाळी हवेने हळूहळू हिरवट होत जाते, म्हणून अशा भांड्याचा फोटो त्याच दिवशी, उजेडात काढून वहीत चिकटवा.