घोडबंदरचा घोडा, नौपाड्याचा एन : चेसच्या चाली लिहायच्या कशा

आमचा भाचा ठाण्यातच चेसच्या क्लासला जातो, वर्ष झालं, खेळतो बरा. गेल्या महिन्यात पहिली मोठी स्पर्धा खेळून आला, हरला, म्हटलं ठीके, शीट (खेळताना चाली लिहितात तो कागद) काढ बघू कुठे गंडलं ते. पटावर एकेक चाल मांडत गेलो आणि नवव्या चालीला गाडी अडली. लिहिलेलं, के डी २ (डी ही पटावरची उभी पट्टी, २ ही आडवी ओळ, असं प्रत्येक घराचं नाव). आता राजा ई १ वर, एक घोडा बी १ वर, दुसरा एफ ३ वर, आणि डी २ वर तिघंही जाऊ शकतात! कोण गेलं रे? म्हणे "मामा, घोडा." कुठला? "ते नाही आठवत." झालं, पट गुंडाळला.

खरं तर पोराची चूक नाही. घोड्याला इंग्रजीत नाइट म्हणतात आणि स्पेलिंग के पासूनच सुरू होतं, मग त्याने के लिहिला. पण के आधीच किंगने घेतलाय. नाइटमधला के तसाही मुका, कानावर पहिला येतो तो न, म्हणून घोड्याला एन. जुन्या इंग्रजी पुस्तकांत घोडा के टी असा दोन अक्षरांत लिहायचे, घरी कोणाच्या आजोबांचं पुस्तक असेल तर बघा. त्या पुस्तकांत चाली पण वेगळ्याच पद्धतीने लिहिलेल्या असतात, पी के ४ वगैरे, ती पद्धत फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, १९८१ पासून बंद केली, त्यामुळे त्यावरून पोरांना शिकवू नका.

लक्षात ठेवायला मी भाच्याला सांगितलं, घोडा घोडबंदरचा पण राहतो नौपाड्यात (दोन्ही आमच्या ठाण्याकडचीच ठिकाणं), म्हणून एन. हसला, पण डोक्यात बसलं.

बाकीची अक्षरं सोपी. राजा के, वजीर क्यू, हत्ती आर, उंट बी. (मी इथे अक्षरं बोलतो तशी लिहितोय, शीटवर इंग्रजीच काढा, आणि मोहऱ्यांची कॅपिटल.) प्याद्याला अक्षरच नाही, बिचारं नुसतं घराच्या नावाने ओळखायचं, ई ४ लिहिलं म्हणजे प्यादं ई ४ वर गेलं. मारलं तर एक्स, शह दिला तर अधिकचं चिन्ह. कॅसलिंगला, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवतात त्याला, जुने लोक किल्लेकोट म्हणतात ते, छोटं (जवळच्या हत्तीकडे) असेल तर दोन शून्य आणि मोठं (लांबच्या हत्तीकडे) असेल तर तीन, मधे आडवी रेघ.

आता हे स्वतः लिहून बघा, प्रत्येक जोडीत आधी पांढऱ्याची चाल मग काळ्याची. ई ४, ई ५. एन एफ ३, एन सी ६. बी बी ५, ए ६. बी एक्स सी ६, डी एक्स सी ६. तिसऱ्या चालीत दोन बी आले बघा, पहिला कॅपिटल म्हणजे उंट, दुसरा छोटा म्हणजे पटावरची बी पट्टी. पोरं इथेच मार खातात, कारण प्याद्याने मारलं की ते ज्या पट्टीवरून निघालं तिचं छोटं अक्षर आधी लिहायचं असतं, म्हणजे छोटा बी एक्स सी ३ हे प्यादं आणि कॅपिटल बी एक्स सी ३ हा उंट, अक्षर घाईत गिचमिड आलं की संपलं. आणि भाच्यासारखं दोन घोडे एकाच घरात जाऊ शकत असतील तर मधे पट्टीचं अक्षर घालायचं, एन बी डी २ किंवा एन एफ डी २. तेवढं एक अक्षर असतं तर त्या दिवशी आमचा पट गुंडाळला नसता.

एक गंमत सांगतो, ही इंग्रजी अक्षरं काही दगडावरची रेघ नाही. फिडेच्या नियमात आपापल्या देशातल्या नावाचं अक्षर वापरायला परवानगी आहे. जर्मन लोक घोड्याला एस लिहितात, फ्रेंच राजाला आर लिहितात, म्हणजे आपल्याला तो हत्ती वाटेल. रशियनांनी तर उलटंच केलं, त्यांच्या घोड्याचं आणि राजाचं पहिलं अक्षर एकच, तर त्यांनी एकटं अक्षर घोड्याला दिलं आणि राजाला दोन अक्षरी केलं! आणि त्यांच्याकडे हत्ती म्हणजे आपला उंट. स्पॅनिशमध्ये पण उंटाला अल्फिल म्हणतात, अरबीतला अल फील, फील म्हणजे हत्ती, आपल्या इतिहासातला फीलखाना आठवा. म्हणजे आपण कोपऱ्यात बसवलेला हत्ती मूळचा राजा-वजीराच्या शेजारचा.

मराठीत लिहायचं झालं तर र, व, ह, उ, घ, एकही अक्षर दुसऱ्याला आपटत नाही, इंग्रजीपेक्षा सरळ. फक्त वजीरच म्हणायचं, राणी म्हटलं की राजा-राणीचं भांडण सुरू. तरी स्पर्धेत इंग्रजीच लिहा, कारण शीट समोरच्याला आणि आर्बिटरला (पंचाला) वाचता आलं पाहिजे, तीच पोझिशन तीनदा आली म्हणून ड्रॉ मागायचा तर शीटच कामाला येतं.

आणि हो, आधी चाल खेळायची मग लिहायची, आधी लिहून ठेवलेलं चालत नाही. घड्याळात पाच मिनिटांपेक्षा कमी उरली आणि चालीमागे ३० सेकंद वाढून मिळत नसतील तर लिहायची सक्ती नाही, पण पोरांना ही सूट आधीच सांगू नका, दहा मिनिटं असतानाच पेन ठेवून देतात.

परवा परत खेळून आला. शीट बघितलं, एन बी डी २, एकदम स्वच्छ. कोपऱ्यात मात्र पेन्सिलीने "नौ" लिहून खोडलेलं दिसलं. म्हटलं हे काय, तर म्हणे आर्बिटर सरांनी खोडायला लावलं, शीटवर आठवणीसाठी काही लिहायचं नसतं.