हास्केलमध्ये मराठी मजकूर हाताळताय? या चुका टाळा

हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत 'प्रिंट' या फंक्शनला "मराठी" हा शब्द दिला की पडद्यावर "\2350\2352\2366\2336\2368" उमटतं. मग फॉन्ट बदलून बघ, फाइल पुन्हा सेव्ह करून बघ, असं सुरू होतं. खरं तर बिघडलेलं काहीच नसतं. प्रिंट आधी 'शो' हे फंक्शन चालवतं आणि शो आस्कीबाहेरचं (मूळ इंग्रजी अक्षरं-चिन्हांपलीकडचं) प्रत्येक चिन्ह त्याच्या युनिकोड क्रमांकाने लिहितं. तिथे 'पुटस्ट्रएलएन' वापरा. तरीही 'इनव्हॅलिड कॅरेक्टर' किंवा 'कॅनॉट एन्कोड कॅरेक्टर' अशी एरर आली, तर मशीनच्या लोकॅलमध्ये, म्हणजे भाषेच्या सेटिंगमध्ये, यूटीएफ-८ (युनिकोड बाइटांत लिहिण्याची पद्धत) नाही असं समजा. डॉकर कंटेनरमध्ये (प्रोग्राम चालवायच्या बंदिस्त वातावरणात) हे बऱ्याचदा होतं. 'मेन' या मुख्य फंक्शनच्या पहिल्याच ओळीत 'एचसेटएन्कोडिंग'ने आउटपुट यूटीएफ-८ करून टाका.

सगळ्यात घातक चूक मात्र एररही देत नाही. बाइटस्ट्रिंगच्या (कच्चे बाइट ठेवणाऱ्या प्रकाराच्या) 'चार८' मॉड्यूलमधलं 'पॅक' प्रत्येक चिन्हाचे फक्त शेवटचे ८ बिट ठेवतं. 'म'चा क्रमांक २३५०. त्याला २५६ने भागलं की बाकी ४६, म्हणजे चक्क पूर्णविराम! अख्ख्या "मराठी"चं ".0> @" होतं आणि मूळ मजकूर परत मिळत नाही. 'ओव्हरलोडेडस्ट्रिंग्ज' (अवतरणातला मजकूर थेट दुसऱ्या प्रकारात घेणारं एक्स्टेन्शन) चालू ठेवून बाइटस्ट्रिंगमध्ये थेट मराठी लिहिलंत तरी हेच होणार. मजकूर 'टेक्स्ट' या प्रकारात ठेवा आणि बाइट हवेच असतील तेव्हा 'एन्कोडयूटीएफ८' वापरा.

साध्या 'स्ट्रिंग'वर मोठं काम करू नका. ती चिन्हांची लिंक्ड लिस्ट आहे. ६४ बिट मशीनवर जीएचसी हा हास्केलचा कंपायलर देवनागरीच्या एका चिन्हासाठी साधारण ४० बाइट खर्च करतो. टेक्स्टने २.० आवृत्तीपासून यूटीएफ-८ घेतलं, त्यामुळे तिथे तेच चिन्ह ३ बाइटांत बसतं.

पण टेक्स्ट घेतलं म्हणजे सगळं सुटलं, असं नाही. "मराठी"ची 'लेंग्थ' ३ नव्हे, ५ येते, कारण काना आणि वेलांटी वेगळी मोजली जातात. 'रिव्हर्स' केलं की वेलांटी शब्दाच्या सुरुवातीला लटकते. 'टेक'ने शीर्षक कापलं तर शेवटच्या अक्षराची मात्रा गळू शकते, आणि अशी कापलेली नावं वाचकाला दिसणं मला तरी अजिबात चालत नाही. अक्षरं मोजायची किंवा तोडायची असतील तर 'टेक्स्ट-आयसीयू' पॅकेजमधलं 'ब्रेककॅरेक्टर' घ्या.

शोध चालत नसेल तर आधी 'ऱ' तपासा. 'तऱ्हा'मधला ऱ एका कोडपॉइंटचा (युनिकोड क्रमांकाचा) असू शकतो, किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) मिळून दोन कोडपॉइंटांचा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण '==' फॉल्स देतं. वेगवेगळ्या कीबोर्डवरून आणि जुन्या फाइलींमधून आलेल्या नोंदी एकत्र केल्या की हा घोळ वर येतो. मजकूर आत घेतानाच एनएफसी नॉर्मलायझेशन करा, म्हणजे एकाच चिन्हाची वेगवेगळी रूपं एकसारखी करा ('युनिकोड-ट्रान्सफॉर्म्स' पॅकेज पुरतं), आणि शोधाचा शब्दही त्याच फंक्शनमधून जाऊ द्या.